ब्रह्मदेशातल्या दडपशाहीविरुद्ध नागपुरातून निवेदन: कोणाकडे, काय आणि कधी मागायचं

लष्कराने निःशस्त्र माणसांवर गोळ्या चालवल्याची बातमी आली की संविधान चौकात फलक घेऊन उभं राहायला नागपूरकरांना कोणी शिकवावं लागत नाही. गाडी अडते ती त्यानंतर. निवेदन कलेक्टर ऑफिसात जातं, पोचेचा शिक्का बसतो, पेपरात फोटो येतो आणि कागद फायलीत पडून राहतो. निवेदनात बहुतेक वेळा एवढंच असतं की आम्ही तीव्र निषेध करतो. निषेध वाचून कोणत्याही अधिकाऱ्याला काही करावं लागत नाही. ज्याच्या हातात जे आहे तेच त्याच्याकडे मागितलं, तर त्याला निदान उत्तर तरी द्यावं लागतं. म्हणून कागद लिहायच्या आधी कोणाच्या हातात काय आहे ते पाहा.

शेजाऱ्यांनी आजवर काय केलं

ब्रह्मदेशाच्या, म्हणजे आजच्या म्यानमारच्या, आजूबाजूचे देश प्रत्येक वेळी थोडं बोलले आणि बरंचसं थांबले. सप्टेंबर २००७ मध्ये भिक्खू रस्त्यावर उतरले. १५ ऑगस्टला इंधनाचे भाव एकदम वाढवले गेले होते आणि ५ सप्टेंबरला पकोक्कू इथे भिक्खूंना मारहाण झाली होती. २६-२७ सप्टेंबरला लष्कराने गोळीबार केला. २७ तारखेलाच न्यूयॉर्कमध्ये आसियानच्या (आग्नेय आशियाई देशांची संघटना, म्यानमारही तिचा सदस्य) परराष्ट्रमंत्र्यांनी सिंगापूरच्या अध्यक्षतेखाली घृणा व्यक्त करणारं निवेदन काढलं. आसियानसाठी ही भाषा फार कडक होती. पण नोव्हेंबरमध्ये सिंगापूरच्याच शिखर परिषदेत संयुक्त राष्ट्रांचे दूत इब्राहिम गंबारी नेत्यांपुढे माहिती देणार होते, तेव्हा लष्करी राजवटीने हरकत घेतली आणि ते भाषण रद्द झालं. भारताचंही त्याच आठवड्यातलं चित्र लक्षात ठेवा. यांगूनमध्ये मोर्चे निघत असताना आपले पेट्रोलियम मंत्री तिथे समुद्रातल्या गॅस क्षेत्रांच्या करारासाठी गेले होते.

१ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने निवडून आलेलं सरकार उलथवलं. त्या सत्तापालटानंतर आसियान थोडी पुढे गेली. २४ एप्रिल २०२१ ला जकार्तात पाच कलमांवर सहमती झाली: हिंसा थांबवणं, सर्व पक्षांत संवाद, मध्यस्थीसाठी विशेष दूत, मानवतावादी मदत, आणि दूताने देशात जाऊन सगळ्यांना भेटणं. पहिलंच कलम पाळलं गेलं नाही. ऑक्टोबर २०२१ पासून लष्करप्रमुख मिन आँग ह्लाइंग यांना शिखर परिषदेचं बोलावणं बंद झालं आणि बिगरराजकीय प्रतिनिधी पाठवा असं सांगण्यात आलं. आसियानच्या आजवरच्या पावलांत सगळ्यात जड पाऊल हेच.

यापुढे आसियान का जात नाही, हे निवेदन लिहिणाऱ्याला पाठ असायला हवं. आसियानच्या सनदेत निर्णय सहमतीने घ्यायचे, एकमेकांच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करायची नाही, आणि सदस्याला निलंबित करायचं कलमच नाही. तुम्ही ‘हकालपट्टी करा’ असं लिहिलंत, तर वाचणाऱ्याला पहिल्याच ओळीत कळतं की लिहिणाऱ्याने सनद पाहिलेली नाही. आफ्रिकेत असं कलम आहे म्हणून तिथे ते वापरलं जातं. ३ जून २०१९ ला खार्टूममध्ये धरण्यावर बसलेल्यांना मारलं गेलं आणि ६ जूनला आफ्रिकन युनियनने सुदानचं सदस्यत्व निलंबित केलं. लगेच इथिओपियाचे पंतप्रधान मध्यस्थीला खार्टूमला पोहोचले आणि ऑगस्टमध्ये लष्कर आणि नागरी आघाडी यांच्यात करार झाला. तो पुढे मोडला हेही खरं. गिनीत २८ सप्टेंबर २००९ ला स्टेडियममधल्या सभेवर सैनिकांनी गोळ्या चालवल्या, तेव्हा तीन आठवड्यांच्या आत पश्चिम आफ्रिकेच्या इकोवास संघटनेने शस्त्रबंदी लावली. निवेदनात या दोन उदाहरणांना एक-दोन ओळी जरूर द्या. ‘प्रादेशिक संघटनेला काही करता येत नाही’ या उत्तराची वाट तिथेच बंद होते.

बिमस्टेकला विसरू नका. बंगालच्या उपसागराभोवतीच्या सात देशांच्या या संघटनेत भारतही आहे आणि म्यानमारही, सचिवालय ढाक्याला आहे. एप्रिल २०२५ च्या बँकॉक परिषदेला मिन आँग ह्लाइंग स्वतः हजर होते. आसियानने बंद केलेलं दार इथे उघडं आहे आणि या दाराशी भारताचा आवाज मोठा आहे. नागपुरातून दिल्लीकडे मागण्यासारखी ही सगळ्यात सरळ गोष्ट.

निवेदनाचा मजकूर

एका बाजूला टाइप केलेली दोन पानं, त्याहून जास्त नाही. मराठी प्रत स्थानिक कार्यालयांसाठी आणि पत्रकारांसाठी, इंग्रजी प्रत दिल्लीसाठी आणि दूतावासांसाठी. दोन्ही स्वतंत्र लिहा. मशीनने केलेलं भाषांतर परराष्ट्र खात्यात लगेच ओळखू येतं.

पहिल्या परिच्छेदात नागपूरचा संबंध सांगा, कारण ‘तुमचा काय संबंध?’ हाच पहिला प्रश्न येतो. उत्तर पक्कं आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्रिशरण-पंचशील देणारे भदन्त चंद्रमणी महास्थविर मूळचे ब्रह्मदेशातल्या आराकानचे होते. एवढी दोन वाक्यं पुरे.

इथेच एक सांभाळायचं. निवेदन फक्त ‘बौद्ध बांधवांसाठी’ करू नका. मिझोरममध्ये आलेले बहुतेक निर्वासित चिन जमातीचे आहेत, ख्रिस्ती आहेत. २०१७ मध्ये याच लष्कराने रोहिंग्या मुसलमानांना लाखोंनी हाकललं. आणि तिथल्या काही भिक्खूंनी लष्कराची पाठराखण केली आहे. हे लपवून लिहिलेला कागद जाणकाराच्या हाती पडला की तिथेच संपतो.

दुसरा परिच्छेद घटनांचा: पाच-सहा ओळी, प्रत्येक आकड्यामागे तारीख आणि तो कोणी मोजला ते. मृतांचा आकडा थायलंडमधून काम करणाऱ्या राजकीय कैदी सहाय्य संघटनेच्या रोजच्या नोंदीतून घ्या आणि ‘अमुक तारखेपर्यंत नोंदवलेले’ असं लिहा. ‘हजारो ठार’ लिहू नका. नोंदवलेला आकडा खऱ्यापेक्षा कमीच असतो, हे एका वाक्यात सांगितलं की भागतं. फोटो लावायचा तर इंटरनेटवर त्या फोटोचा उलटा शोध (रिव्हर्स इमेज सर्च) घेऊन तो कोणत्या वर्षाचा ते पाहा. २००७ मधली भगव्या-तांबड्या चिवरांची रांग २०२१ ची म्हणून छापली जाते आणि कोणीतरी ते पकडतं.

तिसऱ्या परिच्छेदात मागण्या. तीन, फार तर चार. यादी पंधरावर गेली की सोपी असेल तेवढ्याच मागणीला उत्तर मिळतं. केंद्र सरकारसाठी मागणी अशी लिहिता येते:

‘म्यानमारमधून जीव वाचवून आलेल्या कोणाही व्यक्तीला तिच्या मर्जीविरुद्ध परत पाठवू नये, व मिझोरम आणि मणिपूर या राज्यांना निवारा, धान्य आणि औषधांसाठी केंद्राने निधी द्यावा. मणिपूर उच्च न्यायालयाने ३ मे २०२१ च्या आदेशाने म्यानमारच्या सात नागरिकांना दिल्लीतील संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयापर्यंत सुरक्षित जाऊ देण्यास सांगितले होते, याकडे आम्ही लक्ष वेधतो.’

कोणी करायचं, काय करायचं आणि आधार कोणता, हे तिन्ही यात आहे. ‘मानवतेच्या दृष्टिकोनातून योग्य ती कार्यवाही व्हावी’ यात तिन्हीपैकी एकही नाही.

दुसरी मागणी बिमस्टेकची: हिंसा थांबेपर्यंत म्यानमारकडून बिगरराजकीय प्रतिनिधीच बोलवावा, असा आग्रह भारताने धरावा. तिसरी, लढाऊ विमानांना लागणारं इंधन, शस्त्रं आणि सुटे भाग भारतातून जाऊ नयेत. हे लिहिण्याआधी वाणिज्य खात्याच्या निर्यात-आयात डेटा बँकेत देश म्यानमार निवडून प्रकरण ९३ (शस्त्रं), ८८ (विमानं आणि त्यांचे भाग) आणि २७ (खनिज इंधनं) यांचे वर्षवार आकडे काढा. ते कोणालाही फुकट पाहता येतात. प्रकरण २७ मध्ये सगळी इंधनं एकत्र असतात, म्हणून त्याच्या आत उपशीर्षकापर्यंत उतरा. वरवरचा आकडा ‘विमान इंधन’ म्हणून दिलात तर तो खोटा ठरेल.

चौथी मागणी ठेवायची तर बोलणी फक्त लष्कराशी न ठेवण्याची. इथे सरकारची बाजू आधीच ओळखून लिहा. दिल्लीचं उत्तर ठरलेलं असतं: ईशान्येतले बंडखोर गट, १,६४३ किलोमीटरची सीमा, चीन आणि कलादान प्रकल्प. कलादान म्हणजे म्यानमारमधलं सित्त्वे बंदर ते मिझोरम असा भारताच्या पैशाने होणारा मार्ग. त्यावरचं पलेत्वा जानेवारी २०२४ मध्ये लष्कराच्या हातून अराकान आर्मी या लष्कराविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र गटाकडे गेलं. म्हणजे आपले पैसे जिथे गुंतले आहेत तिथे लष्कर आता मालक राहिलेलं नाही. केवळ लष्कराशी बोलून प्रकल्पही पुढे सरकत नाही, हे शांतपणे मांडा. करुणेच्या ओळीपेक्षा ही ओळ परराष्ट्र खात्यात जास्त वाचली जाते.

भारताच्या मतदानाचा उल्लेख करायचा तर चूक होऊ देऊ नका. १८ जून २०२१ च्या महासभेच्या ठरावाला ११९ मतं बाजूने पडली, एक विरोधात होतं, आणि तटस्थ ३६ देशांत भारत होता. २१ डिसेंबर २०२२ चा सुरक्षा परिषदेचा ठराव २६६९ बारा मतांनी संमत झाला. चीन, रशिया आणि भारत तटस्थ राहिले. भारताने ‘विरोध केला’ असं लिहिलं की तुमचं बाकीचं खरंही संशयात येतं.

कागद कुठे द्यायचा

कलेक्टर ऑफिसला द्या, पण तिथे थांबू नका. तीन प्रती न्या: एक त्यांची, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन तुमची, तिसरी पत्रकारांसाठी. नुसत्या शिक्क्यावर समाधान मानू नका. आवक क्रमांक नसेल तर पुढे त्या कागदाचा माग काढता येत नाही. त्याच दिवशी मूळ सहीचं निवेदन परराष्ट्र मंत्रालयाला स्पीड पोस्टाने पाठवा आणि पाकिटावर ‘बांगलादेश-म्यानमार विभाग’ असं लिहा. मंत्र्यांच्या नावाने गेलेलं पत्रही शेवटी याच विभागात उतरतं, फक्त उशिरा.

राज्य सरकारला आणि हिवाळी अधिवेशनाला हे निवेदन देण्यात वेळ घालवू नका. परराष्ट्र व्यवहार हा केंद्राचा विषय आहे, आणि अधिवेशनाच्या दिवसांत नागपुरात एवढे मोर्चे असतात की पोलिसांकडे आणि पेपरात तुमच्यासाठी जागाच उरत नाही.

खरा उपयोग खासदाराचा. नागपूर, रामटेक, भंडारा-गोंदिया, वर्धा यांपैकी ज्यांच्या मतदारसंघात तुमच्या सह्या जास्त, त्यांच्या कार्यालयात जा आणि भाषण न करता तयार मजकूर हातात द्या. तारांकित (तोंडी उत्तराच्या) किंवा अतारांकित (लेखी उत्तराच्या) प्रश्नाला किमान १५ पूर्ण दिवसांची सूचना लागते, म्हणून अधिवेशनाच्या महिनाभर आधी पोहोचा. लोकसभेत नियम ३७७ खाली, म्हणजे खासदाराने सभागृहाचं लक्ष वेधण्यासाठी, मांडायचा मजकूर २५० शब्दांत बसला पाहिजे. तो तुम्हीच २४० शब्दांत लिहून द्या. खासदाराच्या सचिवाला तो कापत बसायला लागला की मागे राहतो. प्रश्नात मत विचारू नका. ‘सरकार दडपशाहीला पाठिंबा देते का’ याचं उत्तर ‘नाही’ एवढंच येईल. ‘२०२१ पासून दर आर्थिक वर्षात म्यानमारच्या विस्थापितांसाठी मिझोरमला केंद्राने किती निधी दिला’ असं विचारलं तर आकडा द्यावा लागतो. तो आला नाही तर न आलेल्या उत्तराचीच बातमी होते.

आसियानचं अध्यक्षपद दरवर्षी सहसा इंग्रजी वर्णक्रमाने फिरतं. म्यानमारची २०२६ ची पाळी वगळून ती फिलिपिन्सला देण्यात आली. त्या-त्या वर्षीच्या अध्यक्ष देशाच्या दिल्लीतल्या राजदूताला निवेदन पाठवा. शिवाय इंडोनेशिया, मलेशिया, थायलंड, सिंगापूर आणि व्हिएतनाम यांच्या वाणिज्य दूतावासांची कार्यालयं मुंबईत आहेत. तिथे दोन माणसं वेळ घेऊन प्रत्यक्ष गेली तर पोस्टापेक्षा बरं. या देशांना मागणी वेगळी हवी. बिगरराजकीय प्रतिनिधीचा नियम सैल होऊ देऊ नका आणि दूताला तुरुंगातल्या नेत्यांना भेटू द्या, या दोनच. पहिली मागणी आसियानचा स्वतःचाच नियम आहे आणि दुसरी पाच कलमांतल्या पाचव्यात बसते, म्हणजे तुम्ही नवं काही मागत नाही.

तारीख निवडताना भावनेपेक्षा परिषदेचं वेळापत्रक पाहा. शरद ऋतूतली शिखर परिषद बहुतेकदा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असते आणि तिचे मसुदे काही आठवडे आधीच पक्के होतात. नागपूरचं नशीब असं की धम्मचक्र प्रवर्तन दिन नेमका याच सुमारास येतो. दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात, सह्या तिथे मिळतात. आवारात पत्रकं वाटायची किंवा टेबल लावायचं तर स्मारक समितीची लेखी परवानगी आधी घ्या. सहीच्या कागदावर नाव, गाव, पिनकोड एवढंच घ्या. मोबाइल नंबर मागितला की निम्मे लोक पुढे सरकतात.

चौकातला कार्यक्रम

संविधान चौकात अर्धा-एक तासाचा शांत कार्यक्रम पुरे. परवानगीचा अर्ज किमान आठवडाभर आधी त्या भागाच्या ठाण्यात ठाणेदारांच्या नावे द्या: वेळ, अंदाजे संख्या, दोन जबाबदार माणसांची नावं, आणि लाउडस्पीकर आहे की नाही. लाउडस्पीकरची परवानगी वेगळी. तो नसेल तर काम निम्म्याने सोपं होतं. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदीचा मनाई आदेश शहरात लागू आहे का, हे त्याच वेळी विचारा. असेल आणि परवानगी नसेल, तर पाच माणसं उभी राहिली तरी गुन्हा दाखल होऊ शकतो.

भिक्खुसंघ सोबत असेल तर पालथ्या भिक्षापात्राचा विषय निघतोच. १९९० मध्ये मंडालेत आणि २००७ मध्ये देशभर भिक्खूंनी लष्कराचं दान नाकारून पात्रं पालथी केली. ही निषेधाची नाटकी खूण नाही. पत्तनिक्कुज्जन (पात्र पालथं करणं) हे विनयातलं, म्हणजे भिक्खूंच्या नियमांतलं, संघकर्म आहे: विनयपिटकाच्या चुल्लवग्गात वड्ढ लिच्छवीच्या प्रसंगी ते आलं आहे, आणि संघापुढे रीतसर ज्ञप्ती (ठराव) मांडून, अमुक गृहस्थाने अमुक अपराध केला म्हणून, त्याच्यापुरतं ते केलं जातं. उपासकांनी चौकात स्टीलची वाटी पालथी धरून फोटो काढू नयेत. वरिष्ठ भन्तेंना विचारा. ते बहुधा परित्राणपाठ (रक्षणासाठी म्हणायची सुत्तं) सुचवतील, आणि तो पंधरा मिनिटांत होतो.

कोणाला पुढे करायचं नाही

शहरात किंवा आसपास शिकणारे म्यानमारचे विद्यार्थी, भिक्खू असतील तर त्यांना मंचावर बोलावण्याचा मोह होतो. तो आवरा. सत्तापालटानंतर तिथल्या दंडसंहितेत ५०५-अ हे कलम घातलं गेलं आणि नुसत्या बोलण्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ लागली. मुलगा नागपुरात बोलला तर घरच्यांच्या दारावर माणसं जातात. इकडेही धोका आहे. २०१९-२० मध्ये आपल्याकडच्या नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या आंदोलनात दिसलेल्या परदेशी विद्यार्थ्यांना देश सोडायच्या नोटिसा मिळाल्या होत्या. त्यांची माहिती मजकुरासाठी घ्या. नाव, आवाज, चेहरा, कॉलेज काहीही बाहेर जाऊ देऊ नका. कार्यक्रमाचा लाइव्ह व्हिडिओ करू नका. आधी चित्रीकरण पाहा, मग टाका.

पैसा आणि सामान

लोक मदत देतातच, म्हणून ती कुठे जाईल हे आधी ठरवा. परदेशातून एक रुपयाही घेऊ नका. एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी नसलेल्या संस्थेच्या खात्यात तो आला की सगळं काम धोक्यात येतं. सीमेपलीकडे थेट पैसे पाठवण्याच्याही भानगडीत पडू नका. मदत मिझोरमपर्यंतच पाठवा. तिथे एकेकाळी तीस हजारांहून जास्त निर्वासित होते आणि त्यांना गावोगावच्या यंग मिझो असोसिएशनच्या शाखांनी आणि चर्चनी सांभाळलं. सामान गोळा करण्याआधी फोन करून काय हवं ते विचारा. जुन्या कपड्यांचे गठ्ठे पाठवायला कपड्यांच्या किमतीपेक्षा भाडं जास्त लागतं. ताडपत्री, मच्छरदाण्या आणि औषधं यांना मागणी असते. औषधांची मुदत किमान वर्षभर शिल्लक हवी, कारण मिझोरमच्या सीमेवरच्या चंफाईपर्यंत पोहोचून वाटप व्हायला वेळ जातो. पैसे पाठवणं सगळ्यात सोपं: खाते-ते-खाते, पावती मागून, तिचा फोटो देणगीदारांच्या गटात. कोणी प्रत्यक्ष जाणार असेल तर मिझोरमसाठी इनर लाइन परमिट लागतं, ते निघण्याआधी काढा.

पाठपुरावा

निवेदन गेल्यावर तीस दिवस थांबा. उत्तर नसेल तर केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवरून परराष्ट्र मंत्रालयाला माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी दहा रुपये, मजकूर तीन हजार अक्षरांच्या आत. निवेदनाची तारीख आणि स्पीड पोस्ट क्रमांक देऊन विचारा: ते कोणत्या विभागाकडे गेलं, त्यावर कोणती टिपणी झाली, कार्यवाहीची आजची स्थिती काय. धोरण का तसं आहे असं विचारलंत तर कलम ८(१)(अ) दाखवून, परराष्ट्र संबंधांचं कारण देऊन नकार मिळेल. तुमच्याच कागदाचा प्रवास विचारला तर ते कलम लावणं अवघड जातं. नकार आला किंवा मुदत उलटली तर तीस दिवसांत पहिलं अपील करा. आलेली टिपणी खासदाराच्या कार्यालयात नेऊन द्या आणि पुढच्या अधिवेशनाच्या प्रश्नाला जोडा.